उत्कर्षाच्या वतीने

उत्कर्षाने चिमट्याने एकशे बारावा दाणा काचेच्या बशीत टाकला आणि फोन वाजला. हजार दाण्यांचं वजन घेताना मध्ये थांबून चालत नाही. हाताचा ताल सुटला की आकडा सुटतो. तिने कागदावर ११२ लिहिलं, खाली रेघ मारली आणि मगच फोन उचलला. आप्पासो बोलत होते. म्हसवडजवळ त्यांच्या माळावर तिच्या बाजरीच्या ओळी उभ्या होत्या.

"म्याडम, गुरवारी तुमी येनार न्हाई म्हनं."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या हापिसातल्या जोतीरामसायबांचा फोन आल्ता. म्हनले, मी येतो मशिन घिऊन, एका दिसात समदं कापून मळून टाकू. म्या इचारलं, अवो, त्या दोऱ्या बांदल्यात त्येंचं काय? तर म्हनले, कसल्या दोऱ्या?"

दोऱ्या वीस रंगांच्या होत्या, वीस ओळींच्या. श्रावणात, मांडीवर तान्ही जिजा घेऊन, फोनवर एकेक ओळ सांगत उत्कर्षाने त्या आप्पासोंकडून बांधून घेतल्या होत्या.

"मी येणार आहे," ती म्हणाली. "मी आल्याशिवाय एक कणीस कापू देऊ नका."

"आता म्या कोन आडवनार? रान माजं, पर बी तुमच्या कंपनीचं. तुमी या म्हंजे झालं."

फोन ठेवल्यावर तिने बशीवर झाकण घातलं. ही बाजरी तिची तिसऱ्या वर्षाची. हंगामातल्या अवघ्या चार पावसांवर तगलेली ताटं पहिल्या वर्षी निवडली, दुसऱ्या वर्षी त्यांतून पुन्हा निवड केली. तिच्या वडिलांची मेंढरं कुठल्या ओळीचं सरमाड, म्हणजे वाळला कडबा, आधी ओढतात आणि कुठलं तोंडात धरून टाकून देतात, तेही तिने वहीत टिपलं होतं. आता वीस ओळी वेगवेगळ्या कापून, वेगवेगळ्या पिशव्यांत भरून आणायच्या राहिल्या होत्या. यंत्रात एकदा एकत्र मळल्या गेल्या की त्या फक्त बाजरी होणार होत्या, भाकरीची.

तिने संगणकावर कॅलेंडर उघडलं. गुरुवार रिकामा होता. बुधवारही. मागचे तीन आठवडेही तसेच. त्यात एकच नोंद होती, जिजाच्या लसीची, तिने स्वतः केलेली. बाळंतपणाच्या रजेवरून कामावर येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, रुळू देत आहेत. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, विसरले. तिसऱ्या आठवड्यात तिने वाटणं बाजूला ठेवलं आणि दाणे मोजायला घेतले.

कंपनीच्या आष्ट्याच्या ऑफिसात ई-मेल आणि संगणकांचं सगळं सोनिया बघत असे. उत्कर्षा तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"म्हसवडच्या कापणीचं इन्व्हाइट मला का आलं नाही?"

"गेलंय की मॅडम, सोमवारीच." सोनियाने दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. "तुम्ही नाही म्हणून कळवलंय."

"मी नाही कळवलं."

सोनियाने पडदा तिच्याकडे वळवला. नावांची यादी होती. उत्कर्षा: नकार. त्याखाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इंद्रजित, उत्कर्षा यांच्या वतीने'.

"सर तुमचे डेलिगेट आहेत ना," सोनिया म्हणाली. "म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर तुमच्या जागी तेही हो-नाही करू शकतात. रजेवर जाताना तुम्हीच केलंय. आणि ही खूण बघा, इन्व्हाइट फक्त डेलिगेटकडे पाठवा. म्हणून तुम्हाला येतच नाहीत. त्यांनी हो म्हटलं तर तुमच्याकडे दिसतं. नाही म्हटलं तर काहीच उरत नाही."

उत्कर्षाला तो दिवस आठवला. फेब्रुवारी संपत आला होता. पाय सुजले होते, खुर्चीत नीट बसवत नव्हतं, आणि मागे इंद्रजित तिची पिशवी खांद्याला अडकवून उभा होता. नवरा बियाण्याच्या प्रतवारीच्या शेडमध्ये आणि बायको प्रयोगशाळेत, एकाच कंपनीत. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचा प्रश्नच आला नाही. खूण तिनेच केली होती. तो हसून म्हणाला होता, "मग माझ्यावर पण तुझा हक्क पाहिजे," आणि त्याने आपल्या कॅलेंडरवर तिचं नाव घातलं होतं.

"रजा संपली की काढायचं असतं," सोनिया म्हणाली, "पण ध्यानात राहत नाही कुणाच्या. स्टोअरचे नानासो रिटायर होऊन वर्ष झालं, अजून सायबांच्या मिटिंगा त्यांच्या घरच्या मोबाइलवर जातात. परवा त्यांच्या नातीनं एक ॲक्सेप्ट केली."

"मी कामावर आल्यापासून किती इन्व्हाइट आले, निघेल?"

"नऊ."

"होकार किती?"

सोनियाने पडद्यावर नसलेली धूळ ओढणीने पुसली. "नऊच्या नऊ नकार आहेत, मॅडम. काढू का सरांचं नाव आत्ताच?"

"नको," उत्कर्षा म्हणाली. "ते मी काढीन."

ऑफिसचे प्रमुख वीरधवलसाहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"सर, गुरुवारी म्हसवडला मी जाणार आहे. नकार माझा नव्हता."

"अहो मॅडम, इंद्रजितनं कळवलं म्हणजे तुम्हीच कळवलं की. नवरा-बायकोत काय वेगळं असतंय?"

"जोतीरामनी कळवलं असतं तर ते मी कळवलं असं झालं असतं का?"

"जोतीराम काय तुमच्या घरचा हाय व्हय?" साहेब हसले. "बाळ केवढं झालं?"

"सहा महिन्यांचं."

"मग राहू द्या की औंदा."

"औंदा राहिलं तर वीस ओळी एकत्र मळल्या जातील. त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत, सर. कुणालाच."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांच्या स्वतःच्या उसात एकदा बेण्याची सरमिसळ झाली होती आणि त्यांनी वर्षभर ती गोष्ट सगळ्या ऑफिसला सांगितली होती. ते पेन टेबलावर आपटत राहिले.

"जोतीरामची गाडी ठरलीय," ते म्हणाले. "असं करा, इन्व्हाइट परत टाकायला सांगतो. आज पाचच्या आत तुमचा होकार आला तर तुम्ही, न्हाई तर जोतीराम. पण एकदा हो म्हटल्यावर ऐनवेळी बाळ आजारी, सासू गावाला, हे मला ऐकायचं न्हाई."

"नाही ऐकावं लागणार."

चार वाजायला वीस मिनिटं होती.

प्रतवारीच्या शेडमध्ये यंत्र चालू होतं. इंद्रजित तोंडाला रुमाल बांधून चाळणीपाशी वाकला होता. ती दिसताच तो रुमाल ओढत बाहेर आला.

"जिजा बरी हाय ना?"

"बरी आहे. नऊ नकार दिलेस तू."

न कळल्याचं नाटक त्याने केलं नाही. रुमाल मांडीवर झटकला. "पहिला दिला तवा तिला ताप होता."

"आणि बाकीचे आठ?"

"सवय लागली."

"गुरुवारचा?"

"गुरुवारी आई हरणाबाईमावशीकडं दहिवडीला चाललीय, म्हाईत हाय की तुला. घरात कोण? आणि जाऊन-येऊन सहा तास गाडीत. रात्री तीनदा उठतीस तू. मी बघतोय ना."

"बघतोस," ती म्हणाली. "विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

आत यंत्राची पट्टी चुरचुरली. कुणीतरी त्याला हाक मारली. त्याच्या भुवईवर बाजरीचं एक टरफल चिकटलं होतं. एरवी ते तिने बोलता बोलता काढलं असतं. आता तिने दोन्ही हात एकमेकांत धरून ठेवले.

"चहा घेतीस?" त्याने विचारलं.

"नंतर."

ती टेबलाशी परतली तेव्हा शिपायाने चहाचा कप ठेवून दिला होता. तहान लागली होती, तरी तिने कप बाजूला सरकवला. तिचे वडील बिरदेव मेंढरं तिच्या चुलत्याच्या ताब्यात देऊन कुठे गेले, तर काठीही देऊन जात. परत आले की आधी काठी हातात घेत, मगच पाणी पीत. चुलता काठी पुढे करूनच उभा असे. कुणी कुणाचे आभार मानत नसे, की कुणाला राग येत नसे.

तिने सेटिंग उघडली. डेलिगेटच्या चौकोनात एकच नाव होतं. ते निवडून तिने 'काढा' दाबलं. खात्री आहे का, असं संगणकाने विचारलं. तिने हो म्हटलं आणि कप जवळ घेतला.

साडेचारला म्हसवडचं इन्व्हाइट आलं, सरळ तिच्याकडे. होकाराच्या बटणावर तिने बोट नेलं आणि मागे घेतलं. साहेबांना नुसता हवेत शब्द देऊन भागणार नव्हतं. गुरुवारी घरात कोण, हा प्रश्न इंद्रजितने उगाच काढलेला नव्हता.

तिने त्याचं कॅलेंडर उघडलं. तिचा तो हक्क अजून तसाच होता. गुरुवारी अकराला यंत्राच्या तेलपाण्याची नोंद होती. ती तिथे दर आठवड्याला असे आणि पुढे ढकलता येत असे. बाकी दिवस मोकळा. तिने नवीन इन्व्हाइट लिहायला घेतलं. विषय: जिजा. वेळ: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. ठिकाण: घर. एक दिवसाची रजा टाकावी लागेल, हे तिने खाली लिहिलं आणि ते त्याला पाठवलं.

लगेच तिच्याच पेटीत त्याची प्रत येऊन पडली. ती त्याची डेलिगेट होती, त्यामुळे खाली दोन बटणं होती: इंद्रजित यांच्या वतीने होकार, इंद्रजित यांच्या वतीने नकार.

एक टिचकी, की काम झालं असतं. त्याने नऊ वेळा केलं होतं तेच, एकदा. बायकोनं कळवलं म्हणजे इंद्रजितनंच कळवलं, असं साहेब म्हणाले असते का, याचा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग बटणांना हात न लावता ती प्रत बंद केली.

पाचला दहा मिनिटं असताना तिने म्हसवडला होकार दिला. इंद्रजितचं उत्तर आलं नव्हतं.

बुधवारीही आलं नाही. घरात दोघांनी तो विषय काढला नाही. बनाबाई, तिच्या सासूबाई, दहिवडीला न्यायची पिशवी भरत होत्या. त्यांनी एकदा मुलाकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं आणि पिशवीचे बंद बांधले.

गुरुवारी पहाटे साडेपाचला उत्कर्षाने फ्रिजमध्ये दुधाच्या चार बाटल्या एका रांगेत लावल्या. प्रत्येकीवर प्रयोगशाळेतली चिठ्ठी होती, तिच्यावर पाजायची वेळ: सात, दहा, बारा, तीन. इंद्रजित कॉटवर बसला होता. जिजा त्याच्या खांद्यावर पालथी पडून बनियन चोखत होती.

"समद्यांना दिसतंय तुझं इन्व्हाइट," तो म्हणाला. "खासगी म्हणून खूण नाही केलीस. काल साहेबांनी विचारलं, बारा तास कसली मिटिंग म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाहेरनं एक बडं पाव्हणं आलंय."

ती चपलेचा पट्टा लावायला वाकली आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ वाकून राहिली.

"हो की नाही, ते मात्र कळवलं नाहीस."

"घरात तर हाय की."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली, आणि पिशव्यांचा गठ्ठा उचलून बाहेर पडली. गाडी फाटकाशी उभी होती.

नऊला ती माळावर होती. आप्पासोंनी विळे पाजळून ठेवले होते. पहिल्या ओळीची लाल दोरी उन्हाने गुलाबी झाली होती, पण गाठ सुटली नव्हती. तिने ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. कणीस हातात घ्यायचं, बुडापासून शेंड्यापर्यंत अंगठा फिरवायचा, कापून घ्यायचं किंवा सोडायचं. घेतलेलं पिशवीत, पिशवीवर ओळीचा आकडा. आप्पासो मागून सोडलेली कणसं कापत येत होते.

"तुमी न्हाई म्हनला असतासा," ते म्हणाले, "तर म्या जोतीरामसायबांना सांगनार हुतो, पयलं मेंढरांस्नी इचारा."

"मग ती काय म्हणाली असती?"

"ती काय, सातव्या वळीला तोंड घाटलं असतं बगा. लय ग्वाड हाय ते."

ती सातव्या ओळीतच होती. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. खिशातला फोन थरथरला. हातातलं कणीस पिशवीत टाकून, ६३ असा आकडा मनगटावर पेनने लिहून मगच तिने फोन काढला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

'इंद्रजित: होकार.' खाली कुणाच्या वतीने असं काही लिहिलेलं नव्हतं. उत्तरासोबत पाठवायच्या निरोपाच्या जागी त्याने एक ओळ लिहिली होती: 'तीनची बाटली पण संपली. आता?'

तिने ते दोनदा वाचलं.

"घरनं हाय व्हय?" आप्पासोंनी विळा थांबवून विचारलं. "जायला लागतंय जनू?"

"न्हाई," उत्कर्षा म्हणाली.

तिने दोन शब्द लिहून पाठवले, 'केळं कुस्कर'. फोन खिशात ठेवला, मनगटाकडे पाहिलं आणि चौसष्टावं कणीस हातात घेतलं.