नंदिताबरोबर आलेले किलोमीटर

नंदिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती एकटी आली नाही. देवरुखला गोगट्यांच्या घराआधी रस्त्याकडेला जो दगड आहे, तिथे टॅक्सी पोचली आणि तिच्यातून नंदिताच्या मागोमाग चार देशांचे चार किलोमीटर उतरले. दगड आणि फाटक यांच्यामध्ये ते एकापुढे एक आडवे झाले. टॅक्सीवाल्याने बराच वेळ गाडी चालवून पाहिली, पण दगड काही शेजारून हलेना. शेवटी तो बॅगा उतरवून निघून गेला.

एरवी त्या दगडापासून घर हाकेच्या अंतरावर. आता फाटकात उभ्या असलेल्या सुनेत्राला आपली पोटुशी लेक हळकुंडाएवढी दिसत होती.

तिने फोन लावला. फोनवर नंदिता जवळच होती.

"अगं, या दिवसांत एवढं लटांबर कशाला घेऊन यायचं?"

"मी नाही आणलं, आई. आपणहून आलेत. नोकरीच्या प्रत्येक गावात ऑफिस ते खोली मी फोनवर तुझ्याशी बोलत चालायचे ना, ते किलोमीटर आहेत हे. तुझा आवाज ओळखतात."

सुनेत्राला एकदम भरून आलं. परक्या मुलखात आपल्या पोरीच्या पायाखाली रोज कोणीतरी होतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मग आत बोलाव त्यांना."

"तू बोलाव. ज्याला त्याला त्याच्या नावाने. जर्मन पहिला आहे. किलोमेटर म्हण."

"किलोमेटर," सुनेत्राने हाक मारली. "या हो आत."

फाटकापासचा रस्ता उठला, त्याने स्वतःला वळकटीसारखं गुंडाळलं आणि पायपुसण्यावर अंग घासून ओटीवर आला. नंदिता शहाळ्याएवढी झाली. सुनेत्राने पाहुण्याला गूळपाणी दिलं आणि सवयीने म्हणाली, "बसा ऐसपैस." तो बसला. ऐसपैस बसला. माजघराचं दार होतं तिथून फार लांब गेलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "न्हाणीघरात पाणी तापत ठेवा."

अच्युतराव पंचा खांद्यावर टाकून निघाले. ते चालत राहिले आणि लहान होत गेले.

"आता इटलीचा," फोनवर नंदिता म्हणाली. "किलॉमेत्रो. याला थोडं लाडाने बोलवावं लागतं."

सुनेत्राने लाडाने बोलावलं. इटलीचा आला तो थेट झोपाळ्यापासून देवघरापर्यंत पसरला. फिनलंडचा किलोमेत्रि लाजाळू होता. तो कोनाड्याशी बसला, गूळपाणी घेऊन हळूच म्हणाला, "तुम्ही हिवाळ्यात तिला रोज टोपी घातलीस का म्हणून विचारायचात."

"घालायची का?"

"नाही," तो म्हणाला.

नंदिता आता लहान पोरीएवढी झाली होती. शेवटचा राहिला तो ग्रीसचा, वयाने थोराड. सुनेत्राची जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा ती नीट "हिल्योमेत्रो" म्हणाली, आणि तो धापा टाकत उंबरा ओलांडून गेला. त्याच्या मागे रस्ता उरलाच नाही. दगड फाटकाला येऊन टेकला आणि नंदिता पायरीवर उभी होती, घामेजलेली, एक हात कमरेवर. सुनेत्राने तिच्या गालाला हात लावला. गाल गरम होता, खरा होता.

"आई, मला आत येऊ दे. कळा सुरू झाल्यात."

ती तशीच आत आली असती. पण लांबून आलेल्या लेकीवरून, तीही पोटुशी, भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय तिला घरात कसं घ्यायचं? सुनेत्राच्या आईने घेतलं नव्हतं, सासूने घेतलं नव्हतं.

"उंबऱ्याशीच थांब. भाकरतुकडा आणते."

"आई, राहू दे ना."

"आले गं, ही आले," म्हणत फोन झोपाळ्यावर टाकून सुनेत्रा वळली.

ओटी संपायला दुपार गेली. वाटेत तिने चौघांनाही नावाने हाक मारून जरा सरकायला सांगितलं. ते प्रेमाने सरकले आणि आणखी पसरले. न्हाणीघराच्या दिशेला धुराची बारीक रेघ दिसत होती, म्हणजे अच्युतराव पोचले असावेत. स्वयंपाकघरात शिंक्यातली भाकर अजून मऊ होती. तिने तुकडा मोडला, तांब्या भरला आणि मागे वळून पाहिलं.

सगळ्या घरापलीकडे, उजेडाच्या एवढ्याशा चौकोनात, हळकुंडाएवढी नंदिता उंबऱ्यावर बसली होती. तिने मघाशीच मारलेली हाक आता कुठे स्वयंपाकघराच्या दारात पोचली. चौघांच्याही अंगावरून चालून ती दमली होती.

"आई," हाक म्हणाली, "लवकर ये."

तिच्या पाठोपाठ, अजून बरंच मागे, दुसरं काहीतरी येत होतं. त्याला चालता येत नव्हतं. ते रांगत येत होतं आणि टाहो फोडून रडत होतं.

सुनेत्राने हातातल्या तुकड्याचे दोन केले आणि ती चालायला लागली.