झिजलेली पट्टी

त्या दिवशी प्रयोगशाळेत लंबकावरून पृथ्वीची ओढ मोजताना सगळ्यांचं उत्तर नऊ पूर्णांक आठ दशांश आलं. फक्त शिंप्याच्या मुलीचं दहाच्या पुढे गेलं.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिला लंबकाशेजारी उभं केलं. "पृथ्वी हिला जरा जास्तच ओढते," ते तिला पायांपासून वर न्याहाळत म्हणाले, "आणि त्यात पृथ्वीचा तरी काय दोष!"

वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून तिचं नाव 'जड' पडलं.

तिने पुन्हा मोजून पाहिलं. मग लाकडी मोजपट्टीच डोळ्यांजवळ धरली. शून्याकडचं टोक बोटभर झिजलेलं होतं. दहाच्या खुणेपासून लंबकाच्या दोरीची लांबी मोजली आणि उत्तर बरोबर आलं. ती हरखून गेली.

"सर, चूक पट्टीची आहे!"

"हो का? इतकी वर्षं याच पट्टीवर प्रत्येकाचं उत्तर अचूक आलंय. तू एकटीच शहाणी?"

"मग सर... इतकी वर्षं कुणी मोजलंच नसेल."

या वेळी कुणी हसलं नाही. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर माफी. नाहीतर परीक्षेला बसायचं नाही."

घरी बाबा मशीनवर वाकले होते. टेपचं टोक जरा झिजलं की नवी टेप काढणारा माणूस. सगळं ऐकून त्यांनी मशीन थांबवलं.

"तुझंच खरं असेल गं. पण उस्तादाने लोखंडी पट्टीने माझी बोटं फोडली, तेव्हा कुठे माझा हात बसला. सर रागावतात म्हणजे जीव लावतात. मागून टाक माफी."

"चूक नसताना?"

"चूक नसतानाच मागावी लागते, बाळा. असताना कुणीही मागतं."

आतून आई म्हणाली, "आणि जरा कमी जेवत जा. म्हणजे बोलायची वेळच यायची नाही कुणावर."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात माफी मागितली. "मोठ्याने! मागच्या बाकापर्यंत!" प्राध्यापक म्हणाले. मग आणखी मोठ्याने मागितली.

परीक्षेत तिने लंबकाला हातही लावला नाही. आधी उत्तर लिहिलं, मग त्याला शोभतील असे आकडे. पैकीच्या पैकी गुण मिळाले. प्राध्यापकांनी पाठ थोपटली, "आली शेवटी जमिनीवर!"

संध्याकाळी बाबांनी कौतुकाने विचारलं, "मग, किती ओढते गं पृथ्वी?"

"सर म्हणतील तेवढी."

बाबा मनापासून हसले.

पट्टी अजून त्याच खुंटीला टांगलेली आहे. यंदा कदाचित तुमची मुलगी ती हातात घेईल. ती घरी येऊन सांगू लागली की हातातलं काम थांबवून तुम्ही काय म्हणाल?