मुठीतलं जांभळं लुगडं

होटगी रोडवरच्या एका बंद पडलेल्या शेंगांच्या गोदामात भर दुपारी बारा वाजता भुतं यायची. भुतं रात्रीची येतात हे सगळ्या जगाला ठाऊक. पण सिद्धाप्पा महाराजाची भुतं शिस्तीची होती. सोमवारी आणि शुक्रवारी, मिलचा भोंगा वाजला की हजर.

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं. आत खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं, एकच समई, तिच्यापुढं दक्षिणेचं ताट, कापराचा धूर, आणि दीड-दोनशे माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. कुणी खोकलं तरी बायका दचकत होत्या.

"मी कोन?" महाराज म्हणाला. "मी कुनी न्हाय. मी नुसतं दार हाय. पलीकडचं माणूस आलं तर उघडतो. न्हाय आलं तर दारानं काय करावं?"

'दाराचं पोट मात्र लई सुटलंय,' असं शिवपुत्रच्या मनात आलं.

हा शिवपुत्र बाळीवेशीतला. पन्नाशी ओलांडलेला, मिलमधला जॉबर म्हणजे मुकादम, आणि सणासुदीला गल्लीत जादूचे खेळ करणारा. त्याच्या थट्टेतून कुणी सुटलं नव्हतं. एका शाळेत त्यानं शाकाहारी हेडमास्तरांच्या टोपीतून अंडं काढलं, तेव्हापासून त्या शाळेचं फाटक त्याला बंद होतं. असा माणूस महाराजाकडे कशाला येतोय? पण त्याची लेक महानंदा माहेरी बाळंतपणाला आली होती. आठवा महिना, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुढच्या शनिवारी भरती व्हायचं, घरी बाळंतपण करायचं नाही. आणि ही पोर गल्लीतल्या बायांबरोबर तीनदा गोदामात जाऊन, दारातल्या वहीत आईचं नाव लिहवून आली होती. तिन्ही वेळा महाराज म्हणाला होता, 'अजून वाटेत हाय.' आज बापालाच हाताला धरून घेऊन आली.

महाराजानं दोन्ही हातांना कोपरापर्यंत भस्म फासलं. तळवे दाखवले. रिकामे. उजव्या हाताची मूठ वळली.

"बा तायी, बा. यल्ली इद्दी?" तो कानडीत हाका मारायला लागला. ये आई, ये, कुठं आहेस. "गौरम्मा. बाळीवेशीची गौरम्मा."

शिवपुत्रची बायको. जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याला हसू यायला हवं होतं. रिकामी मूठ, भस्म, आता डाव्या हाताच्या दोन बोटांनी काहीतरी ओढून काढणार. हा खेळ तो स्वतः वीस वर्षं करत होता. महाराजानं मुठीतून एक टोक ओढलं. जांभळं. ओढत राहिला, आणि वीतभर रेशीम फुलून वर आलं. ओल्या मातीचा वास सुटला. पुढच्या ओळीतली एक बाई मोठ्यानं रडायला लागली.

"जमिनीखालनं आलंय," महाराज म्हणाला. "पोरी, ओळख."

महानंदानं दोन्ही हात पुढं केले. शिवपुत्रनं तिच्या खांद्यावरून पाहिलं.

तुकड्याच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढं रफू होतं, पिवळ्या दोऱ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यानं बायकोला 'जळालेलं कापड परत जोडण्याची' जादू दाखवायचा हट्ट धरला होता. विडीनं भोक पडलं, जोडलं काही गेलं नाही. गौरम्मा आधी रडली, मग हसली, आणि घरात जांभळा दोरा नाही म्हणून पिवळ्या दोऱ्यानं रफू करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ही तुमची खूण."

"आई म्हनतीय," महाराज डोळे मिटून बोलत होता, "चाकू-सुरीच्या घरात जाऊ नको. पुढच्या शुक्रवारी हितं ऱ्हायला ये. तुझं बाळंतपण मी करीन. आनि म्हनतीय, माझं कापड घरातनं का घालवलंस?"

 महानंदानं तुकडा छातीशी धरला.

घरी आल्या आल्या शिवपुत्रनं माळ्यावरची ट्रंक उतरवली. मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये म्हणतात. बाकीचं सगळं त्यानं वाटून टाकलं होतं, पण ते जांभळं लुगडं तेवढं ठेवलं होतं, डांबरगोळ्या घालून. झाकण उघडलं. गोळ्या होत्या. लुगडं नव्हतं.

तो किती वेळ तिथं उकिडवा बसला, त्यालाच कळलं नाही. स्वयंपाकघरात एक नवंकोरं स्टीलचं पातेलं चकाकत होतं, त्यात ट्रंकेसमोर बसलेला एक म्हातारा दिसत होता. तो आपणच, हे समजायलाही वेळ लागला. मागं बांगडी वाजल्यासारखं झालं. वळून पाहिलं, कुणी नाही. गौरम्मा पाणी भरताना वाजायची तशीच वाजली होती.

"महानंदा, ट्रंक कुनी उघडली?"

"मला काय इचारता अप्पा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आईनं नेलं आसंल. मी दवाखान्यात जानार न्हाय. मी तिच्याकडं जानार."

"ती कुटं हाय आता?"

"तुमी डोळ्यांनी बघितलं की. तुमी तर म्हनत होता, सगळी हातचलाखी आसती. मग सांगा ना, कशी केली?"

 मूठ कशी फसवते ते शिवपुत्रला माहीत होतं. पण मुठीत गौरम्माचं लुगडं कसं आलं? माणूस कितीही बेरकी असो, आपल्याच घरातलं मढं समोर उभं राहिलं की त्याचीही जीभ टाळ्याला चिकटते.

दुसऱ्या दिवशी तो घरात थांबूच शकला नाही. बसवजयंतीला गल्लीत त्याचा खेळ ठरला होता आणि त्याला सहा रेशमी रुमाल हवे होते. गेले पंधरा दिवस तो तेच शोधत होता. सुती रुमाल खोट्या अंगठ्यात कोंबला तर अर्धा बाहेर राहतो. नायलॉन गुळगुळीत, नको तेव्हा निसटतं. पातळ रेशीम मात्र वीतभर असलं तरी दाबून सुपारीएवढं होतं, आणि सोडलं की फूल उमलल्यासारखं उमलतं. घरच्या ट्रंकेत वीस रुमालांचं रेशीम पडून होतं, पण त्याला कात्री लावायचा विचारही त्यानं कधी केला नव्हता.

पाय आपोआप कापडवाल्यांच्या चाटी गल्लीत गेले. विरुपाक्ष शेटजींनी रेशमाचा तागा उलगडून भाव सांगितला. शिवपुत्रनं निमूट घडी घालून परत दिला.

"खेळाला पायजे व्हय?" शेटजी म्हणाले. "मग मुठीतनंच काढ की. माझ्याकडं कशाला आलास?"

"जरा स्वस्तातलं?"

"स्वस्तातलं रेशीम बोहारणीकडं. राजाबाईला गाठ."

राजाबाई बोहारीण पिंपळाच्या पारावर पातेली, डबे आणि जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन बसायची. दारोदार जाऊन भांडी द्यायची, जुनी कापडं घ्यायची. कोणत्या घरात कुणाचं काय चाललंय, हे तिला त्या घरातल्या लोकांआधी कळायचं.

"जुनं रेशीम? न्हाय बाबा," ती म्हणाली. "महिनाभर टिकतच न्हाय हातात. त्यातनं मेलेल्या बाईचं आसंल तर इचारूच नका. ती नागम्मा येती आनि उचलून नेती."

"कोन नागम्मा?"

"सिद्धाप्पा महाराजाच्या दारात वही घिऊन बसती न्हाय का, ती. म्हनती, महाराज त्या कापडाची शांत करत्यात. कुनाचं हाय, कशानं गेली, मागं कोन हाय, सगळं बसून इचारती. म्या बी सांगते. गप्पाच की त्या."

शिवपुत्र बोचक्यावर वाकला.

"राजाबाई, जांभळं लुगडं. पिवळं रफू."

"तुमच्याच घरचं की. पोरीनं दिलं. शेजारनी म्हनल्या म्हनं, पोटुशीच्या घरात मेलेलीचं कापड नको. ट्रंक बी त्यांनीच उतरवली. भ्यालेली बिचारी. स्टीलचं पातेलं घिऊन गेली, बाळाचं पानी तापवायला." ती थांबली. "का वो? तुमचं तोंड आसं का झालं?"

शिवपुत्र पारावरच खाली बसला. पहिल्या खेपेला महाराज कुणालाच काही का देत नाही, ते आता कळलं. नागम्मा नाव लिहून घेते, मग कापड शोधत फिरते. सापडलं तर पुढच्या खेपेला आत्मा येतो, नाही सापडलं तर 'अजून वाटेत हाय.' तो आधी रडला. मग हसायला लागला. राजाबाईला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

लेकीला लगेच जाऊन सांगावं, असं एकदा त्याला वाटलं. पण पोरीला नुसतं सांगून भागणार नव्हतं. 'आईनंच ते राजाबाईकडनं सोडवून नेलं,' म्हणाली असती. भीती डोळ्यांनी शिरली होती, डोळ्यांनीच काढायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर इतकी झकास थट्टा करायची संधी तो सोडणाराही नव्हता.

शेजारची शांतम्मा गौरम्माची मैत्रीण. साठीची, तोंडानं फटकळ, गालात कायम तंबाखू. शिवपुत्रनं तिचं जुनं पोपटी रेशमी लुगडं मागितलं.

"कशाला?"

"तुला मारायचं हाय."

"मग नवंच ने," शांतम्मा म्हणाली. "जुन्यात मेले तर लोक काय म्हनतील?"

रविवारी ते लुगडं राजाबाईच्या बोचक्यात गेलं आणि संध्याकाळपर्यंत नागम्माच्या पिशवीत. शिवपुत्रनं पढवल्याप्रमाणे राजाबाईनं नागम्माला सांगितलं, बाई विहिरीत पडून गेली. सोमवारी शांतम्मा पदर पार नाकापर्यंत ओढून गोदामाच्या दारात गेली आणि वहीत नाव लिहवून आली. "मयताचं नाव शांतम्मा. मी तिची थोरली भैन."

शुक्रवारी महानंदानं कपड्यांची पिशवी भरली. सुजलेल्या पायांत चप्पल जात नव्हती, तरी निघाली. शिवपुत्र अडवायला गेला नाही. गोदामात तिच्या शेजारी जाऊन बसला, पलीकडे पदराआड शांतम्मा.

भोंगा वाजला. भस्म झालं, हात दाखवून झाले. "बा तायी, बा. शांतम्मा. आली. लई गारठलीय. अंगावरनं पानी गळतंय. इहिरीचं पानी."

 मुठीतून पोपटी रेशीम फुलत आलं, ओलं, टपटप गळणारं. महानंदानं बापाचा दंड नखं रुतेपर्यंत धरला.

"भैनीला म्हनतीय, मला लई तहान लागलीय—"

"तहान न्हाय, तंबाखू पायजे," पदराआडून आवाज आला. शांतम्मा उठली आणि पदर मागं टाकला. "मीच शांतम्मा. मी मेले कवा, मला कुनी सांगितलं न्हाय."

 महाराजाची मूठ तशीच हवेत. मग तो गरजला, "भूत. हितनं हलू नका, भूत हाय."

बायका किंचाळत मागं सरल्या. शांतम्मा शांतपणे दाराशी गेली, बाहेर पिंक टाकून परत आली. "भूत थुकतंय व्हय? हात लावून बघा की. आमच्या गल्लीतल्या चौघीजनी हितंच बसल्यात. ए, सांगा की गं."

तोवर शिवपुत्र समईजवळ पोचला होता. त्यानं आपले रिकामे तळवे लोकांना दाखवले, मूठ वळली, आणि तिच्यातून एक मळका पांढरा रुमाल काढला. लोक आ वासून बघत राहिले.

"माझ्याकडं बी कुनी आलंय वाटतं," तो म्हणाला. "हे बघा कोन हाय." आणि त्यानं उजव्या हाताचा अंगठा उपटून काढला. एक बाई खाली बसली. अंगठा पत्र्याचा होता, आत पोकळ, बोर्ड रंगवणाऱ्याकडून कातडीच्या रंगात रंगवून घेतलेला. "ह्यात कापड बसतंय. लोक तळवा बघत्यात, अंगठा कोन बघत न्हाय. मला रंगवून घ्यावा लागला. महाराजाला भस्म पुरतंय. नुसते हात धुवा म्हनावं त्यांना."

दोघातिघांनी महाराजाचे हात धरले. कुणीतरी तांब्या ओतला. भस्म ओघळलं आणि उजव्या अंगठ्यावर पत्रा चमकला. झटापटीत तो निसटला, फरशीवर टणटण उड्या मारत महानंदाच्या पायाशी येऊन थांबला. तिनं उचलून आत बघितलं. चिमूटभर ओली माती होती, आणि एक जांभळा धागा.

नागम्माच्या वहीत सगळ्या मयतांची नावं, पुढं लुगड्यांचे रंग. लोक ती वही एकमेकांच्या हातातून ओढून वाचत होते, आपापल्या आया-बहिणी शोधत होते. 

 महानंदा हळूच म्हणाली, "अप्पा, लुगडं मीच दिलं. पातेल्यासाठी."

"मला ठावं हाय."

"आई रागावली आसंल."

"मी तिच्या लुगड्याला भोक पाडलं, तरी तिनं माझ्याबरोबर बावीस वर्सं काढली. तुझ्या पातेल्यावर काय रागावती?"

ती रडली. गोदामात आल्यापासून पहिल्यांदाच मोकळी रडली.

शनिवारी ती भरती झाली. नऊ दिवसांनी बाळंतपण झालं. सोपं नव्हतं, दोनदा धावाधाव झाली, डॉक्टरीणबाईंनी रात्र जागून काढली. घरी असती तर आई आणि बाळ दोन्ही हातची गेली असती, असं त्या नंतर बोलल्या. मुलगी झाली. नाव गौरम्माच ठेवलं.

उरलेलं जांभळं लुगडं नागम्माच्या पिशवीत सापडलं. शिवपुत्रनं ते मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ कात्री हातात धरून बसला. अजून वास येत होता, डांबरगोळ्यांचा की तिचा, कोण सांगणार. मग त्यानं सहा रुमाल कापले. सातवा तुकडा, महानंदाजवळचा पिवळ्या रफूचा, परत ट्रंकेत ठेवला.

बसवजयंतीला भर गल्लीत त्यानं रिकाम्या मुठीतून सहा जांभळे रुमाल काढले. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग त्यानं केलं ते कुठलाच जादूगार करत नाही. अंगठा काढून पहिल्या ओळीतल्या पोरांच्या हातात दिला.

"बघा. फिरवून बघा, आत बोट घाला," तो म्हणाला. "मेलेलं माणूस परत येत न्हाय रे. त्याचं कापड येतंय, आनि ते कुनीतरी आनून दिलेलं आसतंय. कुनी आनलं, कुटनं आनलं, एवढं इचारत जावा. दुखलं-खुपलं तर डॉक्टर गाठा. आनि रिकामा हात कुनी दाखवला, तर तळवा बघत बसू नका. अंगठा बघा."