कटी स्टूल

सिंगापूरमधल्या आमच्या तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डात चूक करणाऱ्याला मेमो मिळत नाही, कटी स्टूल मिळतं. मॅनेजर मॅक्रे स्कॉटलंडचे. त्यांच्या आजीच्या गावी पूर्वी पाप करणाऱ्याला चर्चमध्ये सगळ्यांसमोर एका बुटक्या स्टुलावर बसवत, त्याचं हे जुनं नाव. इथे सकाळच्या मीटिंगमध्ये शंभर कामगारांसमोर बसायचं आणि आपली चूक आपल्याच तोंडानं सांगायची. मी सेफ्टी इंजिनियर. कुणी बसलं की मी हमखास म्हणायचे, "करावे तसे भरावे!" लोक हसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तीनदा बसलेल्याला मायदेशी पाठवतात. आज फोरमन प्रीतमची तिसरी वेळ होती. त्याची बायको राणी पुढच्याच महिन्यात बाळाला घेऊन नागपूरहून येणार होती.

काल त्याची माणसं जहाजाच्या टाकीत उतरली आणि एक जण गुदमरून पडला. वाचला, नशीब. हवा तपासल्याच्या कागदावर सही माझी होती. मी मीटर घेऊन खाली उतरलेच नव्हते. सकाळी ठीक होती, दुपारी काय बदलणार, म्हणून वरच सही ठोकली. प्रीतमनं विचारलंही होतं, "विनीताताई, हवा बघितलीत ना?"

"मला शिकवू नकोस," मी खेकसले होते.

हवा नंतर बिघडली आणि प्रीतमनं लक्ष ठेवलं नाही, असं सगळे धरून चालले. मी रात्रभर गप्प राहिले. खोट्या सहीला तीन संधी नसतात. माझी इथली अकरा वर्षं एका वाक्यात संपली असती.

मॅक्रेंनी नाव पुकारलं. प्रीतम पुढे आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी निदान चिडले तरी असते.

तो बसायला वाकला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी म्हण ऐकायला!

"प्रीतम, थांब. बसू नकोस."

मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी सांगितलं की हवा मी तपासलीच नव्हती.

कुणी हसलं नाही. मी पुढे गेले. स्टुलाला हात लावला, तसा प्रीतम हळूच म्हणाला, "जपून बसा, ताई. त्याचा डावा पाय आखूड आहे."