कडीवरचा हात

बाईंच्या हातात स्वतःचं नवंकोरं पुस्तक होतं आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याच्या भाषेत 'लष्कराच्या भाकऱ्या' भाजत त्यांनी निम्मं आयुष्य या महाकाव्याच्या अनुवादात घातलं, आणि प्रकाशकांनी त्याच्या शेवटी परस्पर दोन ओळी ठोकून दिल्या होत्या!

काव्य मध्ययुगातलं, मठातल्या कुणा साधूनं लॅटिनमध्ये रचलेलं. दोन सरदार, पाठच्या भावांसारखे वाढलेले. एक जण जिवाच्या भीतीनं शत्रूला किल्ल्याचं दार उघडून देतो. दुसऱ्याचं सगळं धुऊन जातं, तो मठात जाऊन ख्रिस्ताची सेवा करत राहतो. म्हातारपणी तो दगाबाज मठाच्या दाराशी येऊन क्षमा मागतो. आतला कडीवर हात ठेवतो आणि तिथंच काव्य तुटतं. कवी मेला की पानं गहाळ झाली, देव जाणे. बाईंनी ते तसंच तुटकं ठेवून खाली जागा कोरी सोडली होती.

"अहो, कोरी जागा बघून लोक म्हणाले असते, छपाई फसली," प्रकाशक फोनवर म्हणाले. "प्रती परत आल्या असत्या. म्हणून दार मीच उघडलं."

"तुम्ही कोण उघडणारे?"

"बरं, ओळी वाईट आहेत का, तेवढं सांगा."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. ओळी वाईट नव्हत्या. 'आत ये, जेवण निवतंय,' एवढंच म्हणून तो म्हातारा दार उघडत होता. आपल्याला हे का सुचलं नाही, याचाही बाईंना राग आला. "पुढच्या आवृत्तीत त्या दिसल्या तर माझं नाव काढून टाका!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तणतणत आतल्या खोलीत गेल्या.

आई पलंगावर भिंग घेऊन पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीचं शेवटचं पान वाचत होती. वडिलांच्या आजारपणात धाकट्या भावानं तोंड फिरवलं, तेव्हापासून बाईंनी त्याचं नाव टाकलं होतं. आईला भेटायला म्हणून तो मध्ये एकदा आला, तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

आता तिनं पदरानं डोळे पुसले. "शेवट फार छान झालाय गं."

"आई, तो शेवट माझा नाही," बाई चिडून म्हणाल्या. "प्रकाशकानं घुसडलाय. मी दार उघडलंच नव्हतं."

"ते कळलं मला वाचतानाच," आई म्हणाली. "तू कुठली उघडतेस!"

आईनं भिंग उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली.