पॅनलला न सांगितलेला पत्ता

उत्तरेश्वर सरांना माउसचा भारी तिटकारा. हॉस्पिटलातल्या कुठल्या नावाचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर, हे सांगणारी डीएनएसची फाइल ते हातानेच लिहायचे. हाताखालची श्रद्धा त्यासाठी स्क्रीनवरचं पॅनल वापरायची. रकाना भरा, सेव्ह दाबा, झालं काम. "छान! चित्रं रंगवा बसून," सर म्हणायचे. यवतमाळहून एकटी आलेली पोर ती, मुकाट ऐकून घ्यायची. सरांच्या बायको, शालूवहिनी, तिच्यासाठी आठवणीने डबा धाडायच्या, त्यापुढे सरांच्या टोमण्यांचं काय एवढं!

आज त्याच वहिनी वरच्या लेबर वॉर्डात बाळंतपणाला आल्या होत्या.

सकाळी सरांनी रक्तपेढीचं काम नव्या सर्व्हरवर हलवलं आणि नवा पत्ता फाइलमध्ये लिहिला. पॅनलमध्येही तो टाकावा, छे, असलं काही त्यांच्या मनातही आलं नाही. दुपारी वर पळता पळता म्हणाले, "लेबर वॉर्डचा प्रिंटर जोडून टाक. तुझ्या पॅनलमधूनच टाक, दुसरं येतंय काय तुला!"

तिने टाकला. सेव्ह केलं. हिरवी खूण आली.

आता हे पॅनल असं, की सेव्ह करताना आख्खी फाइल स्वतःजवळच्या माहितीवरून नव्याने लिहितं. कुणी हाताने काही लिहिलंय, हे त्याच्या गावीही नसतं. रक्तपेढीचा जुना पत्ता परत आला, आणि जुना सर्व्हर अजून चालूच होता.

वहिनींना रक्तस्राव सुरू झाला. नर्सने रक्ताची मागणी पाठवली, ती गेली जुन्या सर्व्हरवर, आणि स्क्रीनवर 'पोचली' असं आलं. सगळे रक्ताची वाट बघत राहिले. रक्तपेढीतली माणसं मात्र नव्या सर्व्हरच्या स्क्रीनसमोर निवांत बसलेली, तिथे काही आलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी माणूस पळवला. रक्त आलं, पण फार उशिरा आलं. पोर वाचलं. वहिनी गेल्या.

सर खाली आले ते थेट श्रद्धाच्या टेबलापाशी. तिने फाइल उघडूनच ठेवली होती. सकाळी त्यांनी लिहिलेली ओळ तिथे नव्हती.

"सर, मला ठाऊकच नव्हतं हो," ती रडत म्हणाली. "नवा पत्ता तुम्ही पॅनलमध्ये टाकला होता का?"

सरांनी खुर्ची ओढली आणि माउस हातात घेतला.

"कुठे टाकायचा असतो?" ते म्हणाले. "दाखव मला."