मेगाब्लॉकची हळद

दिगंबर लोणावळ्याच्या नाक्यावर उभा राहून मुंबईकरांना भाड्याचे बंगले गळ्यात मारायचा. डबक्याचा स्विमिंग पूल करून दाखवणारं तोंड! आणि अशा माणसानं ऐन पन्नाशीत बँड काढला, तोही न गाणारा. पोस्ट-रॉक. म्हणजे गाणं असतं, फक्त गायचं नसतं. गिटार कुंथत कुंथत चढते, मध्येच एकदम शांत होते आणि मग ड्रमसकट फुटते. दिगंबरची गिटार, अर्णवचे ड्रम, नाव मेगाब्लॉक.

आजवर त्यांची एकही ट्यून कुणी फुटेपर्यंत ऐकली नव्हती. अर्णवनं शेवटचं सांगितलं, "दिगूकाका, या वेळी एक तरी पुरी ऐकली गेली तर थांबतो. नाहीतर पुण्याच्या ऑर्केस्ट्रात चाललो."

ही वेळ म्हणजे वराळे गावातली हळद. डीजेवाला आयत्या वेळी फिरला म्हणून नवरदेवाच्या बापानं, कोंडाजीनं यांना बोलावलेलं. ट्यून सुरू होऊन बराच वेळ झाला तसा कोंडाजी आला.

"चेकिंग झालं आसंल तर वाजवा की आता."

"आबा, हेच वाजवतोय."

"व्हय? मंग गानारा कुटंय?"

"गाणारा नसतो यात."

"आजारी हाय व्हय," कोंडाजी हळहळला आणि मांडवातला माईक त्यानं निवेदक महिपतीच्या हातात दिला.

महिपतीनं त्या गिटारीवर माजी उपसरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची स्वागतं उरकली, माईक ठेवला आणि जेवायला पळाला. नेमका तेव्हाच ट्यूनमधला शांत भाग आला. आणि काय सांगावं, मांडव गप्प! पिवळाधमक नवरदेव मान वळवून ऐकतोय. पुढं बसलेली म्हातारी चिमाबाई नातवाला दटावतेय, "गप, आयकू दे." अर्णवनं डोळे मिटून काठ्या वर उचलल्या.

तेवढ्यात दिगंबरला मांडवाच्या दारात गेणू दिसला. नवरदेवाचा सख्खा मामा, मघाशीच ओळख झालेला. टोपी सरळ, तोंड वाकडं. स्वागतात त्याचं नाव कुणी पुकारलंच नव्हतं! गप्प बस, दिग्या, गप्प बस, दिगंबरनं स्वतःला बजावलं. पण नाक्यावरनं एक गाडी कधी त्यानं न बोलता जाऊ दिली नव्हती. गिटार सोडून त्यानं माईक धरला.

"ज्यांच्यावाचून हळद लागत नाही, असे नवरदेवाचे लाडके मामा, गेणूभाऊ, यांचं सहर्ष, सहर्ष स्वागत!"

टाळ्या, शिट्ट्या! मामा फुलला. "लय भारी आवाज हाय गड्या! आमच्या साडूचं बी नाव घे!"

अर्णव काठ्या पिशवीत भरत होता. दिगंबरला ते दिसलं. निदान आता तरी तोंड मिटायचं. पण माईक हातात, आणि सगळा मांडव त्याच्याकडे बघतोय.

"आणि पुण्याकडे निघालेले आमचे गुणी ड्रमर अर्णव यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये, ही नम्र विनंती!"